जुन्या विजेरीसाठी बल्बची निवड

रात्रीच्या पाळीने पिकास पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने विजेरीवाचून बांधावर पाऊल टाकणे धोक्याचे असते. मण्यार जातीचा अतिविषारी साप प्रामुख्याने रात्रीच फिरतो. अशा वेळी नवा बल्ब घातलेली विजेरीही मिणमिणू लागली किंवा बल्ब एकाएकी गेला, तर सर्व दोष विजेरीस दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा बल्बची निवडच चुकलेली असते. ती करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. व्होल्ट : प्रथम विजेरीतील सेल मोजावेत. साध्या कोरड्या सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो व एकापुढे एक ठेवलेल्या सेलांच्या दाबांची बेरीज होते. तथापि बल्ब पेटताच हा दाब काहीसा उतरतो. म्हणून दोन सेलांच्या विजेरीस सुमारे २.५, तीन सेलांच्या विजेरीस सुमारे ३.८ व पाच सेलांच्या विजेरीस सुमारे ६.२ व्होल्टचा बल्ब घ्यावा. हा आकडा बहुधा बल्बच्या पितळी भागावर कोरलेला असतो. तीन सेलांवर २.५ व्होल्टचा बल्ब लावल्यास तो लख्ख पेटून लवकरच जळतो. दोन सेलांवर ३.८ व्होल्टचा लावल्यास उजेड पिवळा व अपुरा पडतो. दाब एक दशांशाने कमी झाला, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो.

२. अँपिअर : व्होल्ट सारखेच असले तरी ०.५ अँपिअरचा बल्ब ०.३ अँपिअरच्या बल्बपेक्षा अधिक उजेड देतो, पण सेल बराच लवकर संपवितो. रात्रभर पाणी धरावयाचे असल्यास ०.३ अँपिअरचा बल्ब काटकसरीचा ठरतो.

३. बैठक : काही बल्बांना आटे असतात, तर काहींना रुंद कडा असते. एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाही. दुकानात जाताना जुना बल्ब सोबत न्यावा. बल्बची तार परावर्तकाच्या योग्य बिंदूवर न आल्यास उजेड फाकतो व दूरवर पोहोचत नाही.

४. एलईडी बल्ब : तारेचे बल्ब आता सर्वत्र मिळत नाहीत. जुन्या विजेरीत बसणारे एलईडी बल्ब मिळतात व ते कमी विजेवर अधिक प्रकाश देतात. मात्र आपल्या सेलांचा एकूण दाब वेष्टनावर छापलेल्या व्होल्टच्या मर्यादेत बसतो की नाही, हे पाहावे. असा बल्ब न पेटल्यास सेल उलटे बसले नाहीत ना, हे आधी तपासावे. विजेची दिशा चुकल्यास काही एलईडी बल्ब पेटतच नाहीत.

बल्ब बदलण्यापूर्वी सेल नवे घालून पाहावेत आणि स्प्रिंग व पत्रीवरील गंज काचकागदाने घासून काढावा. जुने व नवे सेल एकत्र वापरू नयेत.

ग्रामकार्यकर्त्यांनी गावच्या बैठकीत तीन सेलांच्या एकाच विजेरीत प्रथम ३.८ व नंतर ६.२ व्होल्टचा बल्ब लावून दाखवावा. उजेडातील फरक सर्वांच्या तत्काळ ध्यानी येईल. पुष्कळ जुन्या विजेऱ्यांच्या मागील झाकणात जादा बल्बसाठी जागा असते. योग्य आकड्याचा एक बल्ब तेथे कायम ठेवावा, म्हणजे ऐन रात्री अंधारात परतण्याची पाळी येणार नाही.