शेडच्या दाराशी: नवापूरचे अनुभवाचे बोल

सकाळी शेडमध्ये नेहमीपेक्षा जास्त कोंबड्या मेलेल्या दिसल्या, की पोल्ट्रीवाल्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘मानमोडी’. म्हणजे राणीखेत. शंका वावगी नसते. आताच्या उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून नाव पडलेला हा रोग आपल्याकडे 1927-28 पासून माहीत आहे आणि ज्याने चार-दोन वर्षं कोंबड्या पाळल्या त्याने तो ऐकलेला, पाहिलेला असतो. 2006 च्या हिवाळ्यात नवापूरच्या शेडमध्ये मर वाढली तेव्हाही बहुतेकांनी मानमोडीच धरली. ओळखीचा शत्रू निदान माहितीचा असतो, हा दिलासा त्यात होता. मग 18 फेब्रुवारी 2006 ला भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला: एच5एन1, बर्ड फ्लू. देशातल्या पाळीव कोंबड्यांमधली ही पहिली अधिकृत नोंद, आणि ती नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी.

दुसऱ्या दिवसापासून मुखवटे आणि अंगभर झगे घातलेली पथकं गावात शिरली. बाधित शेडपासून तीन किलोमीटरच्या आतली प्रत्येक कोंबडी मारायची, मग ती पिंजऱ्यातली अंड्यांसाठी पाळलेली लेअर असो की एखाद्या पाड्यावरच्या झोपडीमागची गावठी. खड्डे, चुना, माती. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, त्यामुळे रोगाने राज्याची सीमा विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पलीकडचा उच्छलचा पट्टाही या मोहिमेत आला. रेल्वेने आपल्या जेवणातून कोंबडी काढून टाकली, आणि शेकडो मैलांवरच्या, एकही कोंबडी न दगावलेल्या पोल्ट्र्यांचे भाव कोसळले. 70 अंशांच्या वर नीट शिजवलेल्या मांसात किंवा अंड्यात हा विषाणू टिकत नाही, हे सांगणाऱ्यांचं तेव्हा कुणी ऐकत नव्हतं.

मार्चमध्ये रोग जळगाव जिल्ह्यात सापडला. आणि 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यापासून राज्यात पुन्हा सुरुवात झाली तेव्हा फेब्रुवारीत पाळी परत नवापूरची आली. दोन्ही वेळा फेब्रुवारीच, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. थंडीत हा विषाणू जास्त तग धरतो. चार अंश तापमानात कोंबडीच्या विष्ठेत तो 35 दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो, 37 अंशांत मात्र जेमतेम सहा दिवस. शिवाय उकाई धरणाचा फुगवटा या तालुक्याला भिडलेला आहे आणि हिवाळा हा विषाणू वाहून आणू शकणाऱ्या पाणपक्ष्यांचा मोसम. नवापुरात दिवाळीनंतर जी काळजी घ्यायची ती उन्हाळ्यातल्या काळजीपेक्षा वेगळी असायला हवी, एवढं तरी या तारखांवरून कळतं.

काळजी म्हणजे काय? कीटकनाशकासारखा एखादा फवारा मारून मोकळं होणं नव्हे. रोग शेडमध्ये बहुतेकदा चालत येतो, म्हणजे कुणाच्या तरी पायांनी किंवा चाकांनी. खाद्याची गाडी एका पोल्ट्रीतून दुसरीत जाते. अंडी नेणारा टेम्पो दहा ठिकाणी थांबतो. सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे अंड्यांचे कागदी ट्रे: ते व्यापाऱ्याकडे जातात, तिथे दुसऱ्याच्या ट्रेमध्ये मिसळतात आणि परत येतात ते कोणाचे, कुणी सांगू शकत नाही. कागद धुता येत नाही. ज्याला परवडेल त्याने धुता येणारे प्लास्टिकचे ट्रे वापरावेत आणि शेडमध्ये शिरण्याआधी ते साबणाच्या पाण्यातून काढावेत. ज्याला परवडत नाही त्याने कागदी ट्रे एकदाच वापरावेत. खत न्यायला येणारी ट्रॅक्टरची ट्रॉली तर आतापर्यंत कुणाच्या शेडमागे उभी होती हे विचारल्याशिवाय फाटकातून आत घेऊच नये.

दाराशी चुन्याची किंवा जंतुनाशकाची टाकी बऱ्याच ठिकाणी दिसते. तिच्यातलं पाणी मात्र आठवड्याचं, वर शेण-मातीचा थर. अशी टाकी नसलेली बरी, कारण ती मनाला खोटी खात्री देते. घाणीखाली जंतुनाशकाचं काही चालत नाही. आधी ब्रश आणि साबण, मग औषध. बर्ड फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं आणि साधा साबणही ते फोडतो. म्हणजे महागड्या औषधापेक्षा घासण्याचा कंटाळा न करणं जास्त कामाचं. त्याहून सोपी युक्ती म्हणजे शेडच्या आतच राहणाऱ्या चपला. बाहेरची चप्पल दाराबाहेर, आतली आत. याला खर्च शंभर-दोनशे रुपये आणि एका माणसाचा हट्ट.

हट्ट खरा लागतो तो दुसऱ्या एका गोष्टीला, आणि नवापूरसारख्या ठिकाणी ती सर्वांत अवघड आहे. पोल्ट्रीत काम करणारे मजूर आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांवरून येतात. पाड्यावर कोंबडी असतेच: पाहुण्यासाठी, देवासाठी, अडीनडीला बाजारात नेऊन चार पैसे करण्यासाठी. नियम सांगतो की व्यावसायिक शेडमधल्या कामगाराने घरी कोंबड्या पाळू नयेत. कागदावर हा नियम ठीक. पण ज्याच्या घरची कोंबडी हा त्याचा बटवा आहे, त्याला नुसतं ‘पाळू नकोस’ म्हणणं हे शेड मालकाचं फुकटचं शहाणपण आहे. मग एकतर त्याचा मोबदला द्या, नाहीतर कामावर आल्यावर अंघोळ आणि कपडे बदलायची सोय करा. आणि त्याच्या घरच्या कोंबड्यांना राणीखेतची लस आपल्या खर्चाने द्या. यातली लस ही भूतदया नाही. ती आपल्याच शेडभोवतीची भिंत आहे. आठवडे बाजारात नेलेली, न विकली गेल्याने परत आलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची हेही त्या घराला समजावून सांगावं लागतं.

इथे गावठी कोंबडीचा मुद्दा येतोच. ‘आमच्या गावठीला काही होत नाही’ हे वाक्य खानदेशात कुठेही ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. उकिरडा टोकरून जगलेल्या पिढ्यांमध्ये कमजोर पिल्लं आधीच गळून गेलेली असतात. उरलेल्यांची जंत, रक्ती हगवण, उष्मा सोसण्याची ताकद पिंजऱ्यातल्या लेअरपेक्षा बरी असते. इजिप्तमधल्या फायोमी जातीच्या कोंबड्या राणीखेतच्या विषाणूला लेगहॉर्नपेक्षा चांगलं तोंड देतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण बर्ड फ्लूपुढे ही ताकद उभी राहत नाही. 2006 च्या मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात रोग सापडला तो परसातल्या कोंबड्यांमध्येच. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी जनुकात बदल करून बर्ड फ्लूला दाद न देणाऱ्या कोंबड्या तयार केल्या: साध्या मात्रेला दहापैकी नऊ कोंबड्या टिकल्या, हजारपट मात्रा दिली तेव्हा दहापैकी पाचांना लागण झाली. म्हणजे जी प्रतिकारशक्ती प्रयोगशाळेत मुद्दाम घडवली, तीही विषाणूचा मारा वाढल्यावर हरते. मारा कमी ठेवायचा तर पुन्हा दारच सांभाळायला हवं.

तरीही अंगातली ताकद टिकवण्याला मोल आहे, ते रोजच्या रोगांसाठी. शेडमध्ये अंथरलेल्या ओल्या तुसातून अमोनिया उठतो, डोळ्यांना झोंबतो, आणि कोंबडीच्या श्वासनळीतले घाण बाहेर ढकलणारे बारीक केस निकामी करतो. त्यानंतर साधी सर्दीही जीवघेणी ठरते. शेडमध्ये वाकल्यावर आपल्या डोळ्यांत पाणी आलं तर कोंबडीचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. नळ गळू देऊ नयेत, तूस हलवत राहावं, दाटी कमी ठेवावी. हळद, लसूण, कडुनिंब यांच्या ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ बाटल्या हल्ली जोरात विकल्या जातात. त्यांनी कोंबडीचं वाईट होत नसेल, पण त्या बाटलीच्या भरवशावर लस टाळणाऱ्याचं होतं.

लसही नुसती दिली म्हणून भागत नाही. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, पुढे चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांनी टोचून, हा राणीखेतचा क्रम पोल्ट्रीवाल्याला पाठ असतो. चूक होते ती बर्फाच्या डब्यात. दोन ते आठ अंशांत न राहिलेली लस म्हणजे नुसतं पाणी. पाण्यातून द्यायची असेल तर नळाच्या क्लोरीनने ती मरते, म्हणून क्लोरीन नसलेलं पाणी घ्यावं किंवा त्यात थोडी दूध भुकटी घालावी, आणि कालवलेली लस दोन तासांत संपवावी. बर्ड फ्लूच्या बाबतीत मात्र आपल्याकडे भर लसीवर नाही. धोरण आहे ते रोग लवकर ओळखायचा आणि बाधित भागातल्या कोंबड्या नष्ट करायच्या.

आणि इथेच 2006 चा घोटाळा पुन्हा होऊ शकतो. तुरा जांभळा पडणं, डोकं सुजणं, पायांवर रक्ताचे डाग, न दुखता-खुपता एका रात्रीत मर. हिरवट हगवण, मान वाकडी होणं, धाप लागणं. पहिली यादी बर्ड फ्लूची, दुसरी मानमोडीची म्हणून सांगितली जाते, पण शेडमध्ये दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि तोंडी निदान करणाऱ्याला हमखास फसवतात. फरक सांगते ती प्रयोगशाळा. मेलेली कोंबडी स्वतः फाडून बघू नये, रंगावली नदीत किंवा नाल्यात टाकू नये, स्वस्तात विकू तर मुळीच नये. हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. नमुना कसा आणि कुठे पाठवायचा ते त्यांचं काम. तोवर शेडमधून गाडी, ट्रे, खत, माणूस काहीच बाहेर जाऊ नये. प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याने अशा रोगाची शंका कळवणं मालकावर बंधनकारक केलेलं आहे. शिवाय सरकारी भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या कोंबडीची. कळवण्याआधीच मेलेल्या कोंबडीचे पैसे कुणी देत नाही, म्हणून मर वाढल्यापासून घालवलेला एकेक दिवस थेट मालकाच्या खिशातून वजा होत जातो.