पाणीपट्टी वाढते ती कशाची?



उसाचे बिल बँकेत जमा झाले की आमच्या गट कार्यालयात पुढचे चार दिवस गर्दी असते. पावती टेबलावर ठेवायची आणि विचारायचे, "साहेब, रान तेवढंच, पाणी तेवढंच, मग कपात वाढली कशी?" प्रश्न रास्त आहे. "दर वाढले" एवढे सांगून आम्ही आजवर बऱ्याच जणांची बोळवण केली, हेही कबूल करतो. म्हणून या अंकात पाणीपट्टीची फोड करून दाखवावी असे ठरवले.

पाणीपट्टी म्हणून जी एक रक्कम कापली जाते, तिच्या पोटात तीन वेगळ्या रकमा असतात. पहिली शासनाची, म्हणजे नदीतले किंवा कालव्यातले पाणी उचलल्याबद्दलची. दुसरी विजेची. तिसरी संस्थेची, म्हणजे पाटकऱ्याचा पगार, मोटारीची दुरुस्ती, कर्जाचा हप्ता, आणि जे सभासद पट्टी भरत नाहीत त्यांच्या थकबाकीवरचे व्याजसुद्धा. हे शेवटचे कुणी उघड बोलत नाही, पण वेळेवर भरणाऱ्याच्या खिशातूनच ते जाते.

शासनाचा दर ठरवण्याचे काम २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे गेले. धरणे व कालवे चालवण्याचा आणि देखभालीचा खर्च पट्टीतून वसूल व्हावा, हे त्यामागचे धोरण. २०११, २०१८ आणि २०२२ साली प्राधिकरणाने नवे दर दिले. खरिपात दर कमी, रब्बीत जास्त आणि उन्हाळ्यात सर्वांत जास्त असतो. आपले पीक बारमाही, म्हणजे उन्हाळ्याचा चढा दर आपल्या वाट्याला येणारच. तरीही नदीवरून उपसा करणाऱ्या सभासदाच्या बिलात हा भाग लहान असतो. बिल फुगते ते विजेने.

आपल्या भागात पाणी उताराने आपोआप येते अशी राने थोडी. कृष्णा खाली वाहते आणि रान वर आहे. टेंभूला कराडजवळ उचललेले पाणी टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडीकडे चढते. म्हैसाळचे कवठे महांकाळ, जतकडे जाते, ताकारीचे कडेगाव, तासगावकडे. या शासकीय योजनांच्या वीजबिलापैकी ८१ टक्के शासनाने व १९ टक्के लाभधारकांनी सोसायचे असा निर्णय झाला, म्हणून तिथला शेतकरी टिकला. त्याआधी बिल थकले की पंप बंद, आणि पंप बंद की उभा ऊस वाळला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्याचा स्वतःचा साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतचा पंप आहे त्याला २०२४ पासून वीजबिल माफ आहे. मात्र सहकारी उपसा संस्थेचे मोठे पंप त्यात बसत नाहीत. त्यांना जी सवलत मिळते ती शासनाच्या मुदतवाढीवर चालते. विजेचा दर आपल्या हातात नाही. युनिट किती जाळायचे ते मात्र बरेचसे आपल्या हातात आहे, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

आता हिशोब करू. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

उसाला सरीतून एका पाळीला साधारण ८ सेंटिमीटर पाणी पुरे होते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर ८ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३ लाख २४ हजार लिटर पाणी झाले. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला, पंप आणि मोटारीची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर साधारण ०.४५ युनिट वीज लागते. तुमचे रान जॅकवेलपासून ६० मीटर, म्हणजे दोनशे फूट उंच असेल, तर एका एकराच्या एका पाळीला सुमारे ८८ युनिट झाले. पाइपातल्या घर्षणाचे वेगळे.

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणे सुरू उसाला २५० ते २७५ हेक्टर सेंटिमीटर आणि आडसालीला ३४० ते ३५० हेक्टर सेंटिमीटर पाणी लागते. पावसाचा वाटा वजा जाता आडसालीच्या २५ पाळ्या उपशाच्या पाण्यावर झाल्या असे समजा. एकरी २,२०० युनिट झाले. आता पंपाचा इम्पेलर झिजला आहे, फूट व्हॉल्व गळतो आहे, मोटार तीनदा रिवाइंड झाली आहे, आणि कार्यक्षमता ६० वरून ४५ टक्क्यांवर आली, तर त्याच पाळीला ८८ ऐवजी ११८ युनिट लागतात. २५ पाळ्यांत एकरी सातशेहून अधिक युनिट वाढले, आणि पाण्याचा एक थेंबही जादा मिळाला नाही. संस्थेच्या सभेत चेअरमनने चहा दिला की नाही यावर अर्धा तास वाद होतो, पण पंपाची कार्यक्षमता शेवटची कधी तपासली हे कुणी विचारत नाही.

दुसरी गळती मात्र आपल्या बांधाच्या आतली आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नदीकाठच्या एका गावी एका जुन्या सभासदाच्या रानात गेलो. दोनशे लिटरचे रिकामे बॅरल दांडाच्या तोंडाशी ठेवले आणि घड्याळ लावले. वीस सेकंदांत बॅरल भरले. म्हणजे सेकंदाला दहा लिटर, तासाला ३६ हजार लिटर. ३ लाख २४ हजारांना ३६ हजारांनी भागा, नऊ तास आले. आम्ही विचारले, "आबा, एकराला किती वेळ पाणी चालतं?" ते म्हणाले, "रात्री नवाला सोडतो, सकाळी अकराला बंद." चौदा तास! आठच्या जागी साडेबारा सेंटिमीटर पाणी. आम्ही हिशोब दाखवला तेव्हा आबा हसून म्हणाले, "साहेब, हिशोब बरोबर हाय. पण रात्री दोनला उठून दारं मोडायला तुम्ही येणार का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. लाइट रात्रीची, पाळी दहा-पंधरा दिवसांनी, पुढची येईल की नाही याची खात्री नाही. मग माणूस मिळेल तेवढे पाणी रानात साठवून ठेवायला बघतो. पण रान म्हणजे टाकी नव्हे. काळ्या भारी जमिनीत ८ सेंटिमीटरच्या वर दिलेले पाणी मुळांच्या खाली उतरते, युरिया बरोबर घेऊन जाते, वाफसा यायला चार दिवस उशीर होतो, आणि मुळ्या तेवढे दिवस गुदमरतात. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठची राने क्षारपड आणि चोपण झाली ती याच पाण्याने. वीजबिल भरून आपणच आपले रान नापीक करतो. आबांच्या शेजारचे दीड एकर आज पडीक आहे, तिथे पांढरी खपली आली आहे. त्यांनीच ते आम्हाला दाखवले.

बॅरलची युक्ती प्रत्येकाला जमण्यासारखी आहे. दोनशे लिटरचे बॅरल जितक्या सेकंदांत भरेल, त्या आकड्याला ४५ ने गुणा आणि १०० ने भागा. एकराला लागणारे तास मिळतात. पंधरा सेकंद लागले तर पावणेसात तास, दहा लागले तर साडेचार. कच्च्या दांडातून पाणी लांब जात असेल तर थोडी सूट धरा. रात्रपाळी असेल तर झोपण्याआधी तासांचा हिशोब करून तेवढ्याच वेळात भिजेल एवढे क्षेत्र वेगळे बांधून घ्या, म्हणजे दोनला उठावे लागत नाही. आबांनी ही वाट काढली, आमच्या डोक्यात ती आली नव्हती. खोडव्यात पाचट न जाळता सरीत दाबले तर पाळ्यांतले अंतर वाढते. पाण्याची ओढ असेल तेव्हा एक आड एक सरी भिजवा.

ठिबकबद्दल विचाराल. पाणी ४० ते ५० टक्के वाचते, त्यात शंका नाही. अडचण वेगळी आहे. ठिबकला पाणी रोज किंवा दिवसाआड थोडे लागते आणि संस्थेची पाळी येते पंधरवड्याने, म्हणजे मध्ये शेततळे हवे. दुसरी अडचण अधिक बोचणारी. संस्था पट्टी घेते एकरावर. ज्याने ठिबक बसवून निम्मे पाणी वाचवले आणि ज्याने चौदा तास पाट वाहू दिला, दोघांना एकच आकारणी. असे असेल तर पाणी वाचवायचे कुणी? आमच्या मते एकरी आकारणी सोडून तासावर किंवा मोजून आकारणी करण्याचा ठराव संस्थांच्या वार्षिक सभेत आला पाहिजे. कालव्यावरच्या पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याची तरतूद २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यात झालेली आहे. उपसा संस्थांनी मागे राहण्याचे कारण नाही. दांडगे सभासद विरोध करतील, हे आम्ही जाणून आहोत. येरळेवरच्या बळीराजा धरणाच्या लोकांनी तर पाणी सर्वांना पुरावे म्हणून त्या पाण्यावर ऊसच घ्यायचा नाही असे ठरवले होते. ऊस विकास अधिकाऱ्याने हे लिहावे का असे कुणी म्हणेल, पण खरे ते खरे.

सभासद आम्हालाही विचारतात, "कारखान्याचं काय?" कारखाना हा पाण्याचा औद्योगिक ग्राहक आहे, त्याचा दर शेतीच्या कितीतरी पट. तो वाढला की साखरेच्या उत्पादन खर्चात जातो आणि शेवटी उसाच्या दरातच बसतो. उसात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणीच असते. शंभर टन ऊस गव्हाणीत पडला की सत्तर टन पाणी त्याच्याबरोबर आत येते. रस आटवताना त्याची वाफ होते, ती थंड करून पुन्हा वापरता येते. २०१६ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे टनामागे सांडपाणी २०० लिटरच्या आत ठेवावे लागते. तेव्हा नदीतून किती उचलले आणि उसातले किती वापरले, हा आकडा वार्षिक सभेत मागण्याचा सभासदांना पूर्ण हक्क आहे. तो अहवालात छापावा असे आम्हीही लेखी कळवले आहे.

पुढच्या पाळीआधी ज्यांना धार मोजून हवी असेल त्यांनी आपल्या चिटबॉयकडे गट नंबर आणि पाळीची तारीख द्यावी. बॅरल व घड्याळ आमच्याकडून येईल. येताना मागच्या दोन वर्षांच्या कपातीच्या पावत्या जवळ ठेवाव्यात.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग