परदेशी वधू, व्हिसाची मुदत आणि नागरिकत्वाचा कायदा

भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला भारताचा नागरिकत्व अधिनियम संमत झाला. या दोन घटनांचा संबंध कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसला, तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने तो ध्यानात घेण्याजोगा आहे. कारखान्याच्या निमित्ताने भारतीय अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेले आणि तेथील तज्ज्ञ भिलाईस येऊन राहिले. जेथे माणसे वर्षानुवर्षे एकत्र काम करतात, तेथे विवाहही जुळतात. हाच करार तीन वर्षे आधी झाला असता, तर सोव्हिएत स्त्रीला भारतीयाशी विवाह करणे तिच्याच देशाच्या कायद्याने अशक्य ठरले असते. परकीयांशी विवाहास बंदी घालणारा तेथील १९४७ चा हुकूम १९५३ मध्ये रद्द झाला होता.

१९५५ च्या मूळ अधिनियमाने परदेशी पत्नीला उदारपणे वागविले होते. भारतीयाशी विवाह झालेली स्त्री नोंदणीद्वारे नागरिकत्व मागू शकत असे आणि त्यासाठी भारतातील वास्तव्याची ठरावीक वर्षे आवश्यक नव्हती. परदेशी पतीला मात्र हा मार्ग मोकळा नव्हता. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्री’ऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द आला, परंतु त्याबरोबर पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही आली. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षे केली.

त्याच दुरुस्तीतील दुसरा बदल अधिक दूरगामी आहे. ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ या संज्ञेत दोन प्रकारची माणसे येतात: वैध कागदपत्रांवाचून देशात शिरलेली आणि वैध कागदपत्रांनिशी येऊन मुदतीनंतरही राहिलेली. या वर्गातील व्यक्तीला नोंदणीद्वारे नागरिकत्व मिळत नाही, मग तिचा विवाह भारतीयाशी झालेला का असेना. रात्री चोरवाटेने सीमा ओलांडणारा आणि सासरी स्वयंपाक करता करता व्हिसाची तारीख विसरलेली सून यांना कायद्याने एकाच संज्ञेत बसविले आहे. प्रस्तुत अनुवादकाला हे कठोर वाटते. परंतु कायद्याचा अर्थ संदिग्ध नाही.

हे घडते कसे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. भिलाईच्या एका सेक्टरात राहणाऱ्या तरुणाची कझाकस्तानातील मैत्रीण ३० दिवसांच्या पर्यटक व्हिसावर येते. घरची मंडळी मंदिरात विवाह लावून देतात. छायाचित्रे निघतात, आहेर होतो आणि सर्वांचा समज होतो की आता ती या घरची झाली. वस्तुतः हिंदू विवाह कायदा दोन्ही पक्ष हिंदू असतील तरच लागू होतो. अन्यथा १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाखाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे सूचना द्यावी लागते आणि ती प्रसिद्ध झाल्यावर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावे लागते. म्हणजे विमानतळावरून थेट दुर्गच्या कार्यालयात गेले, तरी व्हिसाची मुदत विवाहापूर्वीच संपते! विवाह दीर्घ मुदतीच्या व्हिसावर करावा, किंवा तो परदेशात होणार असेल तर १९६९ च्या परदेशी विवाह अधिनियमाचा आधार घ्यावा, हे म्हणूनच श्रेयस्कर.

व्हिसा चालू असतानाच विवाह विधिवत नोंदला गेला, तर भारतीयाची पत्नी वा पती म्हणून तो ‘प्रवेश व्हिसा’त बदलून मागता येतो. अर्ज परकीय नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षक पाहतात. दाखला तपासला जातो, दोघांची मुलाखत होते, घरी येऊन चौकशी केली जाते. विवाह नोंदून सलग दोन वर्षे टिकल्यावर ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान व बांगलादेश यांच्याशी नागरिकत्वाचा संबंध असलेल्यांना मात्र ही सोय नाही.

येथे अनुवादकाला नेहमी अडविणारे दोन शब्द आहेत: ‘वास्तव्य’ आणि ‘अधिवास’. पहिल्यात शरीराने राहणे असते, दुसऱ्यात कायमचे राहण्याचा निश्चय. १९३७ पासून भारतात राहिलेल्या लुई द रेट या बेल्जियन धर्मोपदेशकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा १९९१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की परकीयाला जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, पण भारतात स्थायिक होण्याचा मूलभूत हक्क नाही. पन्नासहून अधिक वर्षांच्या वास्तव्याने जे साधले नाही, ते केवळ विवाहाने साधेल असे मानणे धोक्याचे आहे.

मुदत उलटून गेलीच असेल, तर लपून राहणे हा सर्वांत वाईट पर्याय. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवास व परकीय नागरिक अधिनियमानुसार अशा वास्तव्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवानगीवाचून देशाबाहेरही पडता येत नाही, कारण विमानतळावर निर्गमन परवाना विचारला जातो. म्हणून नोंदणी अधिकाऱ्याकडे आपण होऊन जावे, विलंबाचे कारण पुराव्यासह लेखी द्यावे, दंड भरावा आणि वास्तव्य नियमित करून मिळते का ते पाहावे. आजारपण असेल तर रुग्णालयाची कागदपत्रे जोडावीत. नियमितीकरण नाकारले गेले, तर निर्गमन परवाना घेऊन परत जावे लागते आणि स्वदेशातील भारतीय वकिलातीत विवाहाच्या दाखल्यासह प्रवेश व्हिसाचा अर्ज नव्याने करावा लागतो. नागरिकत्वासाठी अर्जापूर्वीचे बारा महिने सलग आणि त्याआधीच्या आठ वर्षांतील किमान सहा वर्षे भारतात काढलेली असावी लागतात. परदेशात व्हिसाची वाट पाहण्यात गेलेले महिने या हिशेबात धरले जात नाहीत.