वैमानिक व्हायचंय? आधी डॉक्टर, मग चेकबुक!

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात दहा-बारा वर्षांच्या मुलांना "मोठेपणी कोण होणार?" असं विचारून पाहा. डॉक्टर, क्रिकेटर, हल्ली यूट्यूबर, आणि त्यांच्या जोडीला एक-दोन तरी "पायलट" निघतातच. आईवडील कौतुकाने हसतात आणि विषय तिथेच संपतो. पण मूल सतरा वर्षांचं झालं, ए-लेव्हल तोंडावर आली आणि तरीही उत्तर तेच राहिलं, की घरात धावपळ सुरू होते. डॉक्टर किंवा इंजिनियर व्हायचा रस्ता आपल्याला पाठ आहे. हा रस्ता आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलाय.

मी स्वतः पायलट नाही. शिक्षणाने इंजिनियर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर. भाच्याला हे वेड लागलं म्हणून गेली दोन वर्षं ही माहिती गोळा करतोय, आणि मंडळातल्या इतर पालकांनाही ती उपयोगी पडावी म्हणून हा लेख. त्याचं सार असं: जी पायरी स्वस्त आहे आणि जिच्यावरून मागे फिरता येतं ती आधी चढायची, महाग आणि मागे न फिरता येणारी सगळ्यात शेवटी. पुष्कळ घरांत नेमकं उलटं होतं. आधी फ्लाइंग स्कूलचं चकचकीत माहितीपत्रक येतं, मग कर्ज, आणि मग कधीतरी डॉक्टर.

शाळेतली वर्षं

भारतातलं वैमानिकाचं पहिलं लायसन्स जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मुंबईत मिळालं. तेव्हा विमान चालवणं हा श्रीमंतांचाच छंद होता. आज इथल्या मुलांना आकाशाची पहिली ओळख बरीच स्वस्तात होऊ शकते. रॉयल एअर फोर्सच्या एअर कॅडेट्समध्ये आठवी इयत्तेपासून, म्हणजे साधारण बाराव्या वर्षी जाता येतं. तिथे थोडंफार उडायलाही मिळतं, आणि शिस्त व नकाशावाचन ही वरकमाई.

दुसरा मार्ग ग्लायडिंग क्लबचा. बेडफर्डशायरमधला डन्स्टेबलचा लंडन ग्लायडिंग क्लब किंवा हॅम्पशायरमधला लॅशॅम ही नावं बऱ्याच जणांनी ऐकली असतील. ग्लायडर चौदाव्या वर्षी एकट्याने उडवता येतं. इंजिनाचं विमान सोळाव्या वर्षी. खाजगी वैमानिकाचं लायसन्स, म्हणजे पीपीएल, सतराव्या वर्षी हातात येऊ शकतं.

याचा फायदा लायसन्सपेक्षा मोठा आहे. मुलाला पोटात ढवळतं का, पावसात तासन् तास ताटकळूनही उत्साह टिकतो का, इन्स्ट्रक्टरची बोलणी खाऊन पुढच्या शनिवारी ते पुन्हा जातं का, हे सगळं थोडक्या पैशांत कळतं. नाहीच जमलं तरी काही बिघडत नाही.

मुलींच्या पालकांना एक खास सांगायचंय. 1985 साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सच्या फॉकर फ्रेंडशिप विमानाचं कलकत्ता-सिलचर उड्डाण केलं तेव्हा विमानातलं सगळं चालकदल महिलांचं होतं. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हा "हे मुलींचं काम नाही" हे वाक्य आता निवृत्त करूया.

डॉक्टरची पायरी

व्यावसायिक वैमानिकाला सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीचं, म्हणजे सीएएचं, "क्लास वन" वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. पहिली तपासणी मान्यताप्राप्त एअरोमेडिकल सेंटरमध्येच होते. डोळे, रंग ओळखण्याची क्षमता, कान, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी, फुप्फुसं आणि मागचा सगळा वैद्यकीय इतिहास पाहिला जातो. खर्च काही शे पौंड. पुढच्या लाखभर पौंडांपुढे हा विम्याचा हप्ता समजा.

आपल्याकडे यावर गैरसमज फार. चष्मा असला की संपलं, असं नाही. नंबर मर्यादेत हवा आणि चष्म्यासह दृष्टी नीट हवी. मधुमेहाचंही तसंच. इन्सुलिन घेणाऱ्या वैमानिकांना 2012 पासून सीएए कडक अटींवर क्लास वन देते. उलट रंगांधळेपणा घरात कुणाच्या लक्षातही आलेला नसतो आणि तिथे मात्र गाडी अडू शकते. दमा, फिट्स, नैराश्यावरची औषधं, काहीही लपवू नका. खोटी माहिती देणं गुन्हा आहे, आणि खरं सांगितल्यावर कित्येकदा मार्ग निघतो. हे प्रमाणपत्र एकदाच मिळवून भागत नाही. एअरलाइनच्या वैमानिकाला दर वर्षी आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी द्यावी लागते.

थोडक्यात, क्लास वन हातात येईपर्यंत कुठल्याही स्कूलला मोठी रक्कम देऊ नका.

पदवी हवी का?

लायसन्ससाठी पदवीची अट नाही. एअरलाइन्स साधारणपणे जीसीएसईला गणित, इंग्रजी आणि सायन्समध्ये चांगले ग्रेड मागतात. तरी ए-लेव्हल अर्धवट सोडून कुणी उडायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. हा धंदा बेभरवशाचा आहे. 2017 मध्ये मोनार्क बंद पडली, 2019 मध्ये तिकडे जेट एअरवेज आणि इकडे थॉमस कुक, 2020 च्या मार्चमध्ये फ्लायबी, आणि पाठोपाठ कोविडने जगभरची विमानं जमिनीवर आणली. हजारो तास उडालेले कॅप्टनही तेव्हा दुसरी कामं शोधत होते. हातात दुसरं काही शिक्षण असेल तर असे दिवस काढता येतात. युनिव्हर्सिटीत जाणाऱ्यांसाठी एअर फोर्सची युनिव्हर्सिटी एअर स्क्वाड्रन्स आहेत. तिथे निवड झाली तर पदवी करता करता उडताही येतं.

तीन रस्ते

पहिला, इंटिग्रेटेड कोर्स. एकाच स्कूलमध्ये पूर्णवेळ दीड-दोन वर्षं, शून्यापासून थेट एअरलाइनच्या दारापर्यंत. खर्च लाख पौंडांच्या घरात आणि बऱ्याचदा त्याहून वर. राहणं-खाणं वेगळं.

दुसरा, मॉड्युलर. आधी किमान 45 तासांचं पीपीएल, मग स्वतः तास जमवायचे, 13 विषयांच्या लेखी परीक्षा, मग व्यावसायिक लायसन्स (सीपीएल) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग. सीपीएल मिळेपर्यंत एकूण 200 तास व्हावे लागतात. एकूण खर्च इंटिग्रेटेडपेक्षा बराच कमी, आणि मुख्य म्हणजे टप्प्याटप्प्याने. लेखी परीक्षांच्या कोर्सला 650 तासांचा अभ्यास लागतो, पण त्यातला बराचसा घरबसल्या करता येतो. म्हणजे नोकरी सांभाळूनही जमतं. प्रत्येक पेपरला 75 टक्के हवेत, तेव्हा हे काही पर्यटन नव्हे.

तिसरा, कंपनीने खर्च उचललेला कोर्स. 2023 मध्ये ब्रिटिश एअरवेजने स्पीडबर्ड पायलट अकॅडमी सुरू केली; निवड झालेल्यांचा ट्रेनिंगचा खर्च कंपनी करते. ट्यूईनेही असा कोर्स आणला. जागा मूठभर, अर्ज हजारोंनी. तरी अर्ज जरूर करावा, कारण तो फुकट आहे आणि त्यातल्या चाचण्यांनी आपण कुठे आहोत ते कळतं. फक्त त्याच एका आशेवर वर्षं घालवू नयेत.

पहिल्या दोन्ही रस्त्यांच्या शेवटी मिळतं त्याला बोलीभाषेत "फ्रोझन एटीपीएल" म्हणतात. पूर्ण एटीपीएल 1500 तासांनंतर आणि किमान 21 व्या वर्षी. पहिली नोकरी लागल्यावर त्या त्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग असतं. काही कंपन्यांत तोही खर्च आपलाच. कोर्स निवडताना ही रक्कम हिशोबात धरा.

पैशांचं पथ्य

निव्वळ फ्लाइट ट्रेनिंगला पदवीसारखं सरकारी स्टुडंट लोन मिळत नाही. म्हणून गोष्ट आईवडिलांच्या घरावर येते. रीमॉर्गेज करण्याआधी टेसाइड एव्हिएशनचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. स्कॉटलंडमधल्या डंडीचं हे जुनं, नावाजलेलं स्कूल 2023 च्या एप्रिलमध्ये एकाएकी बंद पडलं. आगाऊ पैसे भरलेल्या विद्यार्थ्यांचं ट्रेनिंग अर्ध्यावर राहिलं.

यावर उपाय साधे आहेत. सगळी फी एकदम भरू नका. जितकं उडालात तितकंच द्या. क्रेडिट कार्डाने भरलं तर 1974 च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या 75 व्या कलमाचं संरक्षण मिळतं, पण वस्तूची वा सेवेची किंमत 100 पौंडांपेक्षा जास्त आणि 30 हजारांपर्यंत असेल तरच. लाखाच्या पॅकेजला ते लागू पडत नाही. छोट्या टप्प्यांना पडू शकतं. मॉड्युलरच्या बाजूने हा मला सगळ्यात वजनदार मुद्दा वाटतो. आणि स्कूलला तीन प्रश्न लेखी विचारा: तुमच्याकडून गेल्या वर्षी शिकून गेलेल्यांपैकी किती जण आज एअरलाइनमध्ये आहेत? हवामानामुळे कोर्स लांबला तर जादा खर्च कुणाचा? मधेच सोडावं लागलं तर काय परत मिळेल?

लायसन्स कुठे चालतं?

2021 पासून ब्रिटनचं लायसन्स युरोपियन युनियनमधल्या एअरलाइन्सना आपोआप चालत नाही. म्हणून कित्येक विद्यार्थी दोन्हीकडच्या परीक्षा देतात. भारतात जायचं तर तिथल्या डीजीसीएच्या परीक्षा आणि तपासण्या वेगळ्या. शिवाय इथली नोकरी मिळायला इथे राहण्याचा व काम करण्याचा हक्क लागतो. जी कुटुंबं अजून व्हिसावर आहेत त्यांनी हे सगळ्यात आधी पाहावं.

आणि देणगीदारांसाठी

कुणा एकाचं पूर्ण ट्रेनिंग उचलणं आपल्यासारख्या मंडळाच्या आवाक्याबाहेरचं आहे. ऑनरेबल कंपनी ऑफ एअर पायलट्स, एअर लीग, ब्रिटिश विमेन पायलट्स असोसिएशन या संस्था शिष्यवृत्त्या देतात. आपल्या मुलांनी तिकडे अर्ज करायला हवेत. पण ज्या घरात काही शे पौंडही जड जातात, तिथल्या हुशार मुलाची क्लास वनची फी किंवा ग्लायडिंगचे पहिले काही धडे, एवढं आपण नक्की करू शकतो. या पायऱ्या छोट्या आहेत, आणि मूल पुढे वैमानिक झालं नाही तरी ते पैसे वाया जात नाहीत. निदान घर गहाण टाकण्याआधी त्या घराला खरं उत्तर मिळतं.

कुणाला स्कूल्सची तुलना करायची असेल, तर भाच्यासाठी केलेला तक्ता माझ्याकडे आहे. मंडळाच्या कार्यक्रमात जरूर मागा.