तोरणा ते राजगड : व्हेक्टरची बेरीज

दोन व्हेक्टर असले की समांतरभुज चौकोन पुरतो. चार आले की तोच तीनदा काढत बसावं लागतं, वहीचा पार चिखल होतो. त्यापेक्षा बहुभुज पद्धत बरी.

तोरण्याहून राजगडाला जाताना आपण बुधला माचीकडे, म्हणजे चक्क पश्चिमेला निघतो. राजगड तर आग्नेयेला! वळणं सरळ करून सरावापुरते ढोबळ आकडे धरू : १ किमी पश्चिम, ४ दक्षिण, ७ पूर्व, १ उत्तर. चढ-उतार सोडा. १ सेमी = १ किमी. पहिल्या बाणाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी, असं पुढे जोडत चला. पहिल्याच्या शेपटीपासून शेवटच्याच्या टोकापर्यंतचा बाण म्हणजे रिझल्टंट : पट्टीने ६.७ सेमी, पूर्वेकडून दक्षिणेला सुमारे २७ अंश. पाय चालले १३ किमी, विस्थापन ६.७!

बाणांचा क्रम बदला, उत्तर तेच. (डोंगरावर बदलू नका, दरीत जाल.)

मार्क जातात ते शेवटच्या बाणाच्या दिशेत. बाकीच्यांच्या ओघात तोही फिरवलात, तर तो रिझल्टंटच्या बरोब्बर उलटा, म्हणजे इक्विलिब्रंट. चार दोऱ्यांनी ओढलेली कडी जागेवर ठेवायला पाचवी दोरी त्याच दिशेला ओढावी लागते.