डाळिंबाचा रस : आधी हात, मग यंत्र

सांगोला-आटपाडीकडं तडकलेल्या डाळिंबाला भाव मिळत नाही. नुकतंच तडकलेलं, आतून लाल, वास न येणारं फळ घरच्या रसाला चालतं. आत काळं पडलं असेल तर फेकाच.

फळ धुवा, दाणे काढा, पांढरा पापुद्रा निवडून टाका. रस कडू होतो तो पापुद्र्यानं आणि बिया भरडल्यानं. म्हणून मिक्सर दोन-तीन झटकेच फिरवा, लगेच गाळा. नाहीतर दाणे मलमलच्या फडक्यात बांधून पिळा. भांडं स्टीलचं घ्या. रस आंबट असतो, ॲल्युमिनियम नको. रस त्याच दिवशी प्या.

ज्युसर घ्यायचाच तर दांडा दाबून पिळणारा बघा. त्याला वीज लागत नाही. रस लागणारा भाग स्टीलचा आहे ना, सुटा करून धुता येतो ना, हे दुकानातच पाहा. सालीसकट फार जोरात दाबू नका, सालीचा कडवटपणा उतरतो.

गटाच्या पैशातून यंत्र घेण्याआधी महिनाभर हातानं रस काढा. विकायचा असेल तर आधी अन्न नोंदणी करा. किलोमागे रस किती निघाला, किती खपला, वहीत मांडा. हिशेब जुळला तरच बैठकीत ठराव घ्या. यंत्र कोपऱ्यात पडलं तरी हप्ता आपल्यालाच फेडायचा असतो!