'आहे'ची इंग्रजी रूपांतरे : स्थितिवाचक व गतिवाचक क्रियापदांचा एक विचार

इंग्रजीतील स्थितिवाचक व गतिवाचक क्रियापदांचा भेद शिकविताना 'नो', 'बिलाँग', 'ओन' अशा क्रियापदांची यादी देऊन ती अपूर्ण वर्तमानकाळात योजू नयेत, असा निषेध सांगण्याची प्रथा आहे. यादी पाठ होते. चूक मात्र टिकून राहते. तिचे मूळ मराठीच्या घडणीत शोधावे लागेल.

कर्जत-खालापूर परिसरातील विद्यार्थ्याच्या परिचयाची तीन वाक्ये घेऊ :

१. माथेरान डोंगरावर वसले आहे.
२. गाडी कर्जत स्थानकात उभी आहे.
३. मला खोपोलीचा रस्ता माहीत आहे.

तिन्ही वाक्ये 'आहे'ने संपतात आणि तिन्ही स्थितीच सांगतात. पहिल्या दोहोंस इंग्रजीत 'स्टँड' हे एकच क्रियापद चालते. रूपे मात्र भिन्न होतात. माथेरानचे असणे कायमचे, म्हणून 'स्टँड्स'. घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडून घेणाऱ्या गाडीचे थांबणे तात्पुरते, म्हणून 'इज स्टँडिंग'. तेव्हा स्थितिवाचकता ही क्रियापदाला कायमची चिकटलेली नसून वाक्यातील उपयोगावर अवलंबून असते. झेनो व्हेंडलर यांनी १९५७ साली क्रियापदांचे स्थिती, क्रिया, सिद्धी व प्राप्ती असे चार वर्ग मांडले. त्यांतही 'धावणे' आणि 'एक मैल धावणे' हे वेगळ्या वर्गांत पडतात, हे येथे लक्षणीय आहे.

तिसऱ्या वाक्यात जाणणारा 'मला' असा चतुर्थीत येतो, 'माहीत' हे विशेषणवत् असते आणि स्थितीचा भार 'आहे' वाहते. इंग्रजीत तोच भार एकटे 'नो' उचलते. विद्यार्थी 'आहे'साठी 'अॅम' योजतो आणि 'आय अॅम नोइंग' हे रूप सिद्ध होते. हे अज्ञान नव्हे. मातृभाषेतील व्यवस्थेचे ते इमानी अनुसरण आहे.

किंबहुना हा भेद मराठीभाषक जाणतोच. 'मला काल कळले' ही घटना. 'मला माहीत होते' ही तिच्यानंतरची स्थिती. या दोहोंची अदलाबदल तो कधी करीत नाही. अध्यापकाने यादीऐवजी या जाणिवेपासून प्रारंभ करावा. प्रथम वाक्य घटना सांगते की स्थिती, आणि स्थिती असल्यास ती कायमची की तात्पुरती, हे मराठीतच विचारावे. इंग्रजी रूप त्यानंतर निवडावे. निषेध पाठ करण्यापेक्षा हा मार्ग अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.